रोमन खापरांचा पहिला ट्रे: शेतातून वेचण्यापासून काळ ठरवण्यापर्यंत

मध्य इटलीतल्या फील्ड स्कूलला, म्हणजे उत्खनन शिकवणाऱ्या शिबिराला, पहिल्यांदा गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मोझेकची फरशी येत नाही, खापरांचा ट्रे येतो. ट्रेमध्ये शे-दोनशे तुकडे असतात. त्यातले निम्मे कौलांचे आणि उरलेल्यांतले बरेचसे बोटाच्या पेराएवढे. तिथे कोणत्या शतकात वस्ती होती, लोक कशात शिजवत, कशात वाढत, दारू आणि तेल कुठून येई, हे सगळं त्यातूनच काढायचं असतं. त्या ट्रेसमोर बसणारे नवखे आणि त्यांना शिकवायला उभे राहणारे नवे शिक्षक, दोघांसाठी हा लेख आहे. खापर ओळखता येणं हे निम्मं काम. ते नीट मोजणं आणि ते कुठलं आहे हे न हरवणं हे उरलेलं निम्मं, आणि घोळ होतात ते बहुतेक याच भागात.

उदाहरणाला रोमच्या उत्तरेचा दक्षिण इट्रुरिया घेऊ. वेई हे एट्रुस्कनांचं, म्हणजे रोमन सत्तेआधी इथे नांदणाऱ्या लोकांचं, मोठं शहर रोमपासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवर होतं. परंपरेनुसार इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने ते जिंकलं. त्यामुळे इथल्या एकाच शेतात एट्रुस्कनांचं काळं बुक्केरो भांडं, प्रजासत्ताक काळातली काळ्या चकाकीची वाटी आणि पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासूनची लाल थाळी शेजारी शेजारी पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे खोल नांगरट सुरू झाली आणि जुन्या वस्त्या फुटून वर येऊ लागल्या. त्या साफ नाहीशा होण्याआधी नोंदवून ठेवाव्यात म्हणून जॉन वॉर्ड-पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश स्कूल ॲट रोम या संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात सर्वेक्षण हाती घेतलं. ते दोन दशकांहून जास्त चाललं. १९९७ पासून टायबर व्हॅली प्रोजेक्टने तीच साठवलेली खापरं खोक्यांतून काढून पुन्हा तपासली. मधल्या काळात भांड्यांच्या तारखा बऱ्याच बारीक ठरल्या होत्या, त्यामुळे कोणत्या काळात वस्ती वाढली आणि कधी घटली याचं चित्र बदललं. जुनी खापरं नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेली होती म्हणून हे जमलं.

परवानगी आधी, चपला नंतर

इटलीत जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू सरकारची असते, शेत कुणाचंही असो. २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार उत्खननासाठी संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते. सर्वेक्षण करून खापरं उचलायची असतील तरी त्या भागाच्या सोप्रिंतेंदेंत्सा, म्हणजे मंत्रालयाच्या वारसा-रक्षण, कार्यालयाशी आधी बोलणं होतं. शेतमालकाला विचारणं हे वेगळं काम, तेही करायचं. आठवण म्हणून एक तुकडा खिशात टाकणं ही चोरीच ठरते, आणि विमानतळावर ती पकडली जाऊ शकते.

सामान फार लागत नाही: दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्निअर कॅलिपर, १ ग्रॅमपर्यंत अचूक तोलणारा काटा (जड तुकड्यांसाठी १० किलोचा दुसरा), काठाचा व्यास मोजायचा एककेंद्री वर्तुळांचा तक्ता, आकार उतरवायला सुयांची फणी म्हणजे प्रोफाइल गेज, लहान पक्कड, मऊ दातघासण्या, जाळीचे ट्रे आणि मन्सेल रंगतक्ता. रंग ‘विटकरी’ किंवा ‘मातकट’ असा लिहू नये. ‘५ वायआर ६/६’ असं लिहिलं की पुण्यातल्या आणि पिसातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच रंग येतो. मात्र तो उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली वेगवेगळा दिसतो, म्हणून संपूर्ण मोसम एकाच खिडकीपाशी बसून रंग नोंदवावा.

शेतात चालणं

आपल्याकडे पांढरीच्या टेकाडावर खापरं वेचतात तसंच हे काम, फक्त ओळीत. माणसं १० मीटर अंतराने उभी राहतात आणि सरळ रेषेत चालतात. प्रत्येकाला आपल्या दोन्ही बाजूंची साधारण एकेक मीटर जमीन नीट दिसते. म्हणजे दहातले दोन मीटर बघितले, नमुना २० टक्के. शेतात सापडलेल्या संख्येला पाचने गुणण्याचा मोह इथूनच सुरू होतो. तो आवरावा, कारण सगळ्यांचे डोळे सारखे नसतात आणि लाल खापर सगळ्यांना काळ्यापेक्षा आधी दिसतं.

ताजी नांगरट सर्वांत चांगली असं वाटतं, पण तसं नाही. ढेकळांवर धूळ असते आणि खापरं मातीच्याच रंगाची दिसतात. नांगरटीनंतर दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले की माती बसते, खापरं धुऊन वर उठून दिसतात. म्हणून प्रत्येक शेतासाठी जमीन किती दिसते याची नोंद १ ते ५ अशा गुणांत करायची, आणि पिकाची उंची, उजेड, ओल हेही लिहायचं. ही नोंद करायची राहून गेली तर पुढे नकाशावर रिकामं दिसणारं शेत खरंच रिकामं होतं की तिथे गुडघाभर गवत होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

खापरांचा दाट पुंजका लागला की तिथे थांबून ५ किंवा १० मीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनाची पिशवी वेगळी करायची. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. मार्कर उन्हात उडतो, बॉलपेन ओलीत पसरतं, पेन्सिल टिकते. ‘फक्त छान छान तुकडे’ वेचू नयेत. चकाकीवाला तुकडा उचलायचा आणि जाड खरबरीत सोडून द्यायचं, असं केलं की कागदावर सगळा गाव श्रीमंत दिसतो.

उत्खननात पिशवीवर थराचा क्रमांक येतो. इटालियन चिठ्ठीवर त्याआधी ‘यूएस’ लिहिलेलं असतं. त्याचा अमेरिकेशी काही संबंध नाही, ते ‘ऊनिता स्त्रातिग्राफिका’चं लघुरूप आहे. ब्रिटिश पथकं त्यालाच ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणतात. खड्डा, खड्ड्यातला भराव, भिंत, भिंतीसाठी खणलेला चर, प्रत्येकाला आपला वेगळा क्रमांक.

धुणं

हे काम सर्वांत नवख्याला देतात आणि सर्वांत जास्त पुरावा इथेच वाहून जातो. एका वेळी एकाच पिशवीतली खापरं बाहेर काढायची, आणि धुण्याआधी प्रत्येक तुकडा उजेडात फिरवून बघायचा. ॲम्फोराच्या, म्हणजे दारू-तेल वाहून नेायच्या कुंभाच्या, खांद्यावर काळ्या शाईने किंवा लाल रंगाने लिहिलेला मजकूर असू शकतो, माल, वजन, व्यापाऱ्याचं नाव. दातघासणीचा एक हात फिरला की तो गेला. तसं काही दिसलं तर तुकडा न धुता बाजूला ठेवावा. ॲम्फोराच्या आतल्या बाजूचं काळं अस्तर आणि हंडीच्या आतली जळकट खरपुडी हीसुद्धा धुवायची नसते, त्यातून पुढे रासायनिक तपासणीसाठी नमुना घेता येतो. असा तुकडा बोटांनी न हाताळता ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवावा.

बाकीची खापरं साध्या पाण्यात, साबण न लावता धुवायची. रात्रभर बादलीत भिजत घालणं चुकीचं. रोमनपूर्व इम्पास्टो, म्हणजे हाताने घडवलेली, कमी भाजलेली, ज्वालामुखीच्या कणांची भांडी, पाण्यात मऊ पडून कडेने झिजतात. शंका आली तर आधी एक कोपरा बुडवून बघावा. आणि घासायचं ते मुख्यतः तुटलेल्या कडेला, कारण पुढचं सगळं वाचन त्या कडेवरच होतं. वाळवायचं सावलीत, जाळीवर, निदान एक पूर्ण दिवस, जाड तुकड्यांना दोन दिवस. ओलं खापर पिशवीत भरलं तर बुरशी येते आणि चिठ्ठीचा लगदा होतो. जाळीवर चिठ्ठी नुसती ठेवू नये, चिमटा लावावा. वाऱ्याने एक चिठ्ठी उडाली तर तो अख्खा ट्रे ‘ठिकाण अज्ञात’ होऊन जातो.

निवडणं: आधी कड, मग आकार

नवख्याची नजर आकाराकडे आणि नक्षीकडे जाते. जाणकार पक्कडीने कोपऱ्याचा कपचा उडवून ताजी कड बघतात, कारण बाहेरचा रंग भाजण्याने, वापराने, मातीने बदलतो, आतल्या मातीचा पोत, म्हणजे फॅब्रिक, बदलत नाही. बघायचं ते हे: मातीत कोणते कण आहेत, किती मोठे, किती दाट, कडेचा रंग सगळीकडे एकच आहे की मध्ये राखाडी पट्टा आहे, आणि बोटाला कड गुळगुळीत लागते की वाळूसारखी.

ट्रेमधून सगळ्यात आधी कौलं बाहेर काढावीत. रोमन छपराचं सपाट कौल तेगुला, त्याच्या दोन्ही कडांना उभा कंगोरा असतो. त्यांच्या सांध्यावर अर्धगोल इम्ब्रेक्स बसतं. कंगोरा नसलेला तुकडा जुना की परवाचा हे सांगणं अवघड, म्हणून तारखेसाठी कौलं वापरत नाहीत, मोजून आणि तोलून वेगळी ठेवतात. पाण्याच्या नव्या मातीच्या नळांचे तुकडेही याच ढिगात घुसतात. बोटाएवढ्या किंवा त्याहून जाड भिंतीचे वाकडे तुकडे दोलियमचे, म्हणजे जमिनीत पुरायच्या रांजणाचे असतात.

मग बारीक भांडी. इथे चार-पाच प्रकार डोळ्यांत बसले की पहिल्या आठवड्याचं काम भागतं.

बुक्केरो: आरपार काळं किंवा गडद राखाडी, कडेलाही काळंच. चाकावर घडवून, पृष्ठभाग घोटून, भट्टीत हवा कोंडून भाजलेलं. चेरवेतेरी म्हणजे जुन्या काएरेला इ.स.पू. सातव्या शतकाच्या दुसऱ्या पावात ते सुरू झालं. आधीचं पातळ, धातूच्या भांड्यांची नक्कल करणारं, नंतरचं जाड आणि ठसठशीत. इ.स.पू. पाचव्या शतकात ते मावळतं.

काळी चकाकी, इटालियनमध्ये ‘वेर्निचे नेरा’: वरून काळं, पण कड फिकट गुलाबी किंवा पिवळसर. बुक्केरोशी गल्लत होते ती फक्त कड न बघणाऱ्याची. ही चकाकी म्हणजे काचेची झिलई नव्हे. अतिशय बारीक मातीचा लेप असतो आणि भट्टीत आधी हवा, मग कोंडमारा, मग पुन्हा हवा, असं तीन टप्प्यांत भाजल्यावर तो काळा होऊन बसतो. शेवटचा टप्पा बिघडला की काळ्यावर तपकिरी-लाल डाग उमटतात. वाटीच्या आत मधोमध गोल लालसर चकती दिसली तर ती नक्षी समजू नये: भट्टीत एकावर एक वाट्या रचल्या होत्या, वरच्या वाटीच्या बुडाखाली कोंडमाऱ्याच्या टप्प्यातला धूर पोहोचला नाही, त्याची ती खूण. या भांड्यांचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. चौथं ते पहिलं शतक. नेपल्सच्या परिसरातलं, तांबूस कडेचं ते ‘काम्पाना ए’, आणि सिसिलीतलं राखाडी कडेचं ते ‘काम्पाना सी’.

लाल सिजिल्लाता: तशाच लेपाचं, पण भट्टीत हवा शेवटपर्यंत खेळती ठेवून भाजलेलं. मध्य इटलीतल्या अरेत्सोला इ.स.पू. ४०-३०च्या सुमारास सुरू झालं. आतल्या बाजूला मधोमध कुंभाराचा शिक्का असतो. शिक्क्याची चौकट पावलाच्या आकाराची असेल तर ते भांडं इ.स. १५च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं. दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफझांकच्या सिजिल्लाताच्या कडेत भिंगाखाली पांढरट-पिवळसर बारीक ठिपके दिसतात. अरेत्सोच्या कडेत तसे ठिपके दिसत नाहीत, ती माती नितळ.

आफ्रिकी लाल भांडी: ट्युनिशियाच्या बाजूची, इ.स.च्या पहिल्या शतकाअखेरपासून सातव्या शतकापर्यंत. लेप आणि कड यांचा रंग जवळपास एकच नारिंगी, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत. इटालियन लालपासून ती वेगळी करायला बोटांचा उपयोग डोळ्यांपेक्षा जास्त होतो.

उरतात ती स्वयंपाकाची खरबरीत भांडी, आणि ट्रेमध्ये संख्येने तीच जास्त असतात. त्यांचे आकार शतकानुशतकं फारसे बदलत नाहीत, म्हणून त्यांना तारीख लावायला कुणी उत्सुक नसतं. यात एक ओळखीचं भांडं असतं: सपाट बुडाचा तवा, ज्याच्या फक्त आतल्या बाजूला लाल लेप असतो. अन्न चिकटू नये म्हणून ही सोय.

ॲम्फोरा, दोन कानांचा निमुळत्या बुडाचा कुंभ, यावर हवं तर आयुष्य काढता येतं. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने रोममधल्या मोंते तेस्ताच्योवर काम केलं. हा सुमारे ३५ मीटर उंच डोंगर अख्खा फुटक्या ॲम्फोरांचा आहे. ड्रेसेलचा १८९९ मध्ये छापलेला आकारांचा तक्ता आजही वापरात आहे, आणि ‘ड्रेसेल १’, ‘ड्रेसेल २०’ ही नावं तिथूनच आलेली. नवख्याला तीन आकार पुरतात. ड्रेसेल १: इटालियन दारूचा, जाड भिंतीचा, उंच उभ्या काठाचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध ते पहिलं शतक. त्याचा ‘बी’ प्रकार रिकामाच सुमारे २५ किलोचा. ड्रेसेल २-४: हाही दारूचा, पण हलका, कान दोन गोल काड्या जोडून केलेले, त्यामुळे कानाचा आडवा छेद इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो. ड्रेसेल २०: दक्षिण स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाचा, पोट गोल, मोंते तेस्ताच्योचा बहुतेक भाग यांचाच. नेपल्सच्या आखाताकडची माती काळ्या, चमकत्या ज्वालामुखी वाळूमुळे लगेच ओळखू येते, कड काळी मिरी भुरभुरल्यासारखी दिसते.

मोजणं

समजा, एका पिशवीत एक फुटलेला माठ आणि सहा फुटलेली सुगडं आहेत. माठ ४ किलोचा, त्याचे ११० तुकडे. सुगडं मिळून ९०० ग्रॅम, त्यांचे ६० तुकडे. तुकडे मोजले तर माठ ६५ टक्के. तोलले तर माठ ८२ टक्के. प्रत्यक्षात सात भांड्यांत माठ एकच, १४ टक्के. तीनही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘इथे ॲम्फोरा जास्त होते’ असं वाक्य कुठे वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुकड्यांनी, वजनाने की भांड्यांनी?

भांड्यांची संख्या काढायची रुळलेली पद्धत काठावरून जाते. काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवायचा, ज्या वर्तुळावर तो तंतोतंत बसेल तो व्यास, आणि त्या वर्तुळाचे किती टक्के तो व्यापतो ते लिहायचं. एका प्रकारचे चार काठ १२, ८, २० आणि १० टक्के असतील तर बेरीज ५० टक्के, म्हणजे ०.५० भांडं. हा आकडा अपूर्णांकात राहू द्यायचा, अर्धं भांडं कुणी वापरत नव्हतं म्हणून तो पूर्ण करायचा नाही. त्याचा उपयोग तुलनेपुरता.

यात काय बिघडतं? लहान तुकडा. तीन सेंटिमीटरचा काठ ८ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचा असेल तर तो १२ टक्के व्यापतो आणि ठीक बसतो. २४ सेंटिमीटरच्या थाळीचा असेल तर जेमतेम ४ टक्के, आणि इतका सरळ दिसतो की तो २० वरही बसतो, ३० वरही. ५ टक्क्यांखालच्या काठाचा व्यास लिहू नये, टक्के ‘५ पेक्षा कमी’ म्हणून नोंदवावेत. दुसरी अडचण अरुंद तोंडाच्या सुरयांची. त्यांचं तोंड बरेचदा अख्खं टिकतं आणि एक तुकडा एकदम १.०० देतो, त्यामुळे नमुना लहान असला की सुरया उगाच फुगतात. म्हणून प्रत्येक प्रकाराची संख्या, वजन आणि काठाचे टक्के, तिन्ही लिहायचे. तीन रकाने भरायला जास्तीचा वेळ फार लागत नाही. नंतर पुन्हा खोकी उघडायची तर परवानगीपासून सुरुवात.

शिकवणाऱ्यांसाठी हा माठ-सुगडांचा प्रयोग प्रत्यक्ष करण्यासारखा आहे. संक्रांत झाल्यावर सुगडं स्वस्त मिळतात. भांडी आधी तोलून, गोणपाटात गुंडाळून फोडावीत, आणि विद्यार्थ्यांना सगळी न देता अंदाजे निम्मे तुकडे द्यावेत, कारण जमिनीतूनही सगळे येत नाहीत. एका टेबलाशी चार-पाच जण, दोन तास. मग तोच ट्रे दुसऱ्या गटाला द्यायचा आणि दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी लिहायचे. तुकड्यांची संख्या जवळपास जुळते, पण काठांच्या व्यासात हमखास फरक पडतो. फरक कुठे पडला ते शोधण्यात जो अर्धा तास जातो त्यात विद्यार्थी जे शिकतात ते तीन व्याख्यानांत शिकत नाहीत. रोमन खापर वर्गात नसलं तरी अडत नाही.

रेखाटन

प्रत्येक खापराचं चित्र काढायचं नसतं. काठ, बूड, कान, नक्षी, शिक्का असलेले आणि त्या प्रकाराचा उत्तम नमुना ठरणारे तुकडेच काढायचे. पेन्सिलने मूळ आकारात काढायचं, छापताना एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांश करायचं. छेद डावीकडे, बाहेरची बाजू उजवीकडे, हा बहुतेकांचा रिवाज.

सर्वांत मोठी चूक काठाच्या कलात होते. तुकडा उलटा करून काठ सपाट काचेवर टेकवायचा आणि पुढेमागे डोलवायचा. काठ आणि काच यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला की तो खरा कल. हे न करता अंदाजे काढलं तर वाटीची थाळी होते, आणि पुस्तकात तिचा जुळा आकार शोधत दिवस जातो.

काळ ठरवणं

बंदिस्त थरात, उदाहरणार्थ भरून बुजलेल्या खड्ड्यात, नियम एकच: सर्वांत नवी वस्तू तारीख ठरवते. खड्ड्यात काळ्या चकाकीची ४० खापरं आणि पावलाच्या शिक्क्याचं एकच लाल खापर असेल, तरी खड्डा इ.स. १५च्या आसपास किंवा त्यानंतरच बुजला. चाळीसचं बहुमत इथे चालत नाही, ती जुनी खापरं आसपासच्या मातीबरोबर आत आली. मात्र ते एक खापर सशाच्या बिळातून किंवा झाडाच्या मुळाबरोबर वरून खाली उतरलेलं नाही ना, हे खड्ड्याची भिंत साफ करून आधीच बघितलेलं असलं पाहिजे.

नांगरलेल्या शेतात हा नियम लागू होत नाही, कारण तिथे थरच नाही, सगळी शतकं एकत्र ढवळलेली. तिथे वाटणी करतात. एका प्रकाराची २० खापरं आणि तो प्रकार २०० वर्षं चालला, तर दर ५० वर्षांच्या वाट्याला ५. दुसऱ्याचीही २० पण काळ १०० वर्षांचा, तर दर ५० वर्षांना १०. अशी बेरीज करत गेलं की शेतातल्या वस्तीचा चढउतार ढोबळ दिसतो.

या आलेखात एक खोट असते आणि तिच्यावरून अभ्यासकांचे वाद झाले आहेत. तारीख लागते ती बारीक भांड्यांना. ज्या काळात बारीक भांडी बाहेरून येणं कमी झालं, त्या काळात शेत ओस पडल्यासारखं दिसतं, माणसं मात्र तिथेच खरबरीत हंडीत शिजवत असू शकतात. इ.स.च्या तिसऱ्या शतकानंतर आफ्रिकी भांडी किनाऱ्यापासून आतल्या खेड्यांपर्यंत कितपत पोहोचत होती, हा प्रश्न न सोडवता ‘वस्ती घटली’ लिहिणं घाईचं आहे. तसंच ‘व्हिला’, म्हणजे श्रीमंताचा शेतावरचा वाडा, हा शब्द. संगमरवराचे तुकडे, मोझेकचे चौकोनी दगड, रंगीत गिलावा, हे सापडल्याशिवाय तो वापरू नये. कौलं आणि दोन सिजिल्लाता म्हणजे व्हिला नव्हे, शेतकऱ्याचं बरं घर.

आपल्याकडची ‘रोमन’ खापरं

मराठी विद्यार्थ्याला हे कौशल्य घरच्या मातीतही लागतं. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही. खापरांचं तसं नाही. भारतात ‘रोमन ॲम्फोरा’ म्हणून नोंदवलेली बरीच खापरं रोमन भांड्यांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा पाहिली, तेव्हा त्यातली अनेक मेसोपोटेमियाच्या ‘टॉर्पिडो’ कुंभांची निघाली. गोंधळ साहजिक होता: दोघांच्याही आत काळं अस्तर. रोमन दारूच्या कुंभाला पाइनच्या राळेचं, टॉर्पिडोला डांबराचं. फरक पटकन सांगणारी खूण म्हणजे कान, टॉर्पिडोला ते नसतात. पोटाचा तुकडा असेल तर ताजी कड भिंगाखाली धरायची आणि ती मिऱ्यासारखी काळी वाळू आहे का बघायची.

पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला १९४५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी अरेत्सोच्या लाल खापरांवरून तिथल्या थरांना, आणि त्या थरांतल्या भारतीय भांड्यांना तारीख लावली. पद्धत नमुनेदार होती. पण त्याच थरांतलं, बुडावर चक्राकार ठिपक्यांची नक्षी असलेलं ‘रूलेटेड’ भांडं त्यांनी भूमध्य समुद्राकडचं मानलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी त्याच्या मातीची क्ष-किरण तपासणी करून १९९७ मध्ये तिचं मूळ बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागात दाखवलं. नेमक्या जागेबद्दल मतभेद असले तरी ते भांडं भारतातलंच, हे आता मान्य आहे. नक्षी पाहून नाव ठेवलं आणि माती नंतर पाहिली, एवढाच तो क्रम उलटा झाला होता.

खोक्यात भरताना

नाव घालायचं ते खापराच्या आतल्या बाजूला, काठ, नक्षी आणि तुटलेली कड सोडून. आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक कृत्रिम राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर काळ्या शाईने जागेची खूण, वर्ष आणि थराचा क्रमांक, त्यावर पुन्हा एक थर. खालचा थर न देता लिहिलं तर शाई मातीत शोषली जाते आणि कधीच निघत नाही. नखाएवढ्या तुकड्यांवर लिहू नये, ते क्रमांकासह लहान पिशवीत घालावेत. पिशव्यांना हवेसाठी दोन भोकं पाडावीत. जड ॲम्फोरा आणि कौलं तळाला, पातळ वाट्या वर, आणि खोकं एका माणसाला उचलता येईल इतकंच भरावं, फार तर १०-१२ किलो. बाहेर क्रमांक दोन बाजूंना लिहावा, कारण कोठारात खोकं कोणती बाजू पुढे करून लावलं जाईल ते सांगता येत नाही. आत सर्वांत वर त्या खोक्यातल्या थरांची पेन्सिलने लिहिलेली यादी ठेवावी, तिचीच प्रत संगणकात.